जेफरसनचा एक दिवस पत्रांतून उभा करायचा असेल तर

एका नाटककाराने अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष जेफरसन याच्याबद्दल विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "थॉमस जेफरसनवर दीर्घांक लिहितोय. त्याने आयुष्यात एकोणीस हजार पत्रं लिहिली असं वाचलं. राजकारण, शेती, घराचं बांधकाम, घोड्यावरची रपेट हे सगळं सांभाळून एवढं लिहायला वेळ कुठून मिळाला? आणि ही पत्रं वाचून त्याचा एक दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, खराखुरा रंगवता येईल का?"

आधी मी कुठून बोलते आहे ते सांगते. मी मूळची पुण्याची. मोडीचे रुमाल सोडायचे, कागद वाचायचे आणि पुन्हा बांधून ठेवायचे, यात माझी विशी गेली. पुढे व्हर्जिनियात आले आणि गेली बावीस वर्षं इथल्या एका ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली पत्रं वाचणं, त्यांच्या नकला उतरवणं आणि नोंदी करणं हेच माझं काम आहे. नाटकातलं मला काही कळत नाही. पत्रातलं थोडंफार कळतं.

वेळ कुठून मिळाला, या प्रश्नात मला फारसं गूढ वाटत नाही. साधा भागाकार करा. पन्नास वर्षं धरली तर एकोणीस हजार पत्रं म्हणजे दिवसाला एक, फार तर त्याहून थोडं जास्त. टपाल हेच निरोपाचं एकमेव साधन होतं त्या काळात मोठ्या हुद्द्यावरचा माणूस रोज एक पत्र लिहीत असेल, तर तो आळशी नव्हता एवढंच म्हणता येईल. खरं आश्चर्य वेगळंच आहे. यातल्या बहुतेक पत्रांची नक्कल त्याच्याकडे होती, कोणतं पत्र कधी लिहिलं आणि कधी आलं याची नोंद होती, आणि म्हणूनच आज आपण "एकोणीस हजार" असा आकडा उच्चारू शकतो. तुम्ही जो ढीग वाचताय तो त्याने लावलेला आहे. दिवस उभा करताना ही गोष्ट एकदा विसरलात, की त्याला जो जेफरसन दिसावा असं वाटत होतं तोच तुमच्या रंगमंचावर येईल.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवस कोणत्या वर्षाचा ते आधी ठरवा, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. १७८६ मधला पॅरिसमधला अमेरिकेचा राजदूत जेफरसन, १८०३ मधला वॉशिंग्टनचा राष्ट्राध्यक्ष आणि १८२० मधला माँटिसेलो या व्हर्जिनियातल्या आपल्या टेकडीवरच्या घरातला सत्त्याहत्तरीचा म्हातारा, या तिघांचे दिवस एकमेकांशी जुळत नाहीत. मला विचाराल तर १८०९ नंतरचा काळ घ्या. राष्ट्राध्यक्षपद सोडून तो कायमचा घरी आला तेव्हापासून स्वतःच्या दिनक्रमाबद्दल तो स्वतः लिहायला लागला आणि त्याला पाहून गेलेल्यांनीही लिहून ठेवलं.

आता कागदाच्या जवळ जाऊ.

१७८३ च्या नोव्हेंबरात त्याने एक नोंदवही सुरू केली आणि १८२६ च्या जूनपर्यंत, म्हणजे मरणाच्या काही दिवस आधीपर्यंत, ती चालवली. साडेसहाशेहून जास्त पानं आहेत. आपल्या सरकारी कचेरीत बारनिशी असते ना, तशीच. एका बाजूला जावक, दुसऱ्या बाजूला आवक. आलेल्या पत्रावर ते कधीचं लिहिलेलं आणि कधी हातात पडलं या दोन्ही तारखा. सुरुवातीच्या वर्षांत जावक पत्रांचा थोडक्यात सारांशही आहे, कारण तेव्हा नक्कल ठेवायचं सोपं साधन त्याच्याकडे नव्हतं. १७८५ मध्ये पॅरिसला असताना त्याने नकलेचं दाबयंत्र मिळवलं. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटचंच ते. खास शाईने पत्र लिहायचं, त्यावर ओलसर पातळ कागद ठेवायचा आणि दाबायचं. शाई पातळ कागदावर उलटी उमटते आणि मागच्या बाजूने सुलटी वाचता येते. हे कागद हातात घेतलेत तर कळेल, काही ठिकाणी अक्षर कसलेल्या वाचकालाही दाद देत नाही. शाई फुटलेली असते आणि ओळी एकमेकींत शिरलेल्या असतात. पहिल्या वर्षी असा एक कागद मी "कच्चा मसुदा" म्हणून नोंदवला होता. तो मसुदा नव्हता, रवाना झालेल्या पक्क्या पत्राचा ठसा होता.

१८०४ पासून त्याच्याकडे पॉलिग्राफ आलं. नावावरून खोटं पकडायचं यंत्र आठवतं, पण त्याचा इथे काही संबंध नाही. हे म्हणजे लाकडी चौकटीत दांड्यांनी जोडलेल्या दोन लेखण्या. एका लेखणीने तुम्ही लिहा, दुसरी शेजारच्या कागदावर तेच लिहीत जाते. शोध जॉन आयझॅक हॉकिन्सचा, आणि अमेरिकेत ते बनवून विकायचं काम फिलाडेल्फियाच्या चार्ल्स विल्सन पील या चित्रकाराने घेतलं होतं. जेफरसनने पीलला सुधारणा सुचवून सुचवून भंडावून सोडलं. एक यंत्र वॉशिंग्टनला, एक माँटिसेलोला. १८०६ मध्ये एका मित्राला लिहिताना त्याने याला या युगातला सर्वोत्तम शोध म्हटलं आहे. दांड्या सैल पडायच्या आणि सारख्या बसवाव्या लागायच्या, हेही त्याच्याच पत्रांतून कळतं.

नाटकासाठी ही वस्तू सोडू नका, असं मी आगाऊपणे सांगेन. माणूस लिहितोय आणि शेजारी एक लेखणी कुणीही न धरता तेच लिहितेय. तो एक प्रत मित्राला पाठवतोय आणि एक स्वतःच्या कपाटात, पर्यायाने आपल्याला.

तुम्ही विचाराल की एवढा मोठा माणूस, लेखनिक नव्हता का? होता. राष्ट्राध्यक्ष असताना त्याचा पहिला खासगी सचिव होता मेरिवेदर लुईस, तोच पुढे पश्चिमेकडच्या प्रसिद्ध मोहिमेवर गेलेला. पण १८०४ मध्ये याच जागेसाठी दुसऱ्या एकाला विचारताना जेफरसनने साफ सांगितलं आहे की लिहायचं काम फारसं नाही, माझी पत्रं मीच लिहितो आणि यंत्राने नक्कल काढतो. म्हणजे सचिव हवा होता तो निरोप न्यायला आणि पाहुणे सांभाळायला. अक्षर स्वतःचंच. ते ओळखायला सोपं आहे. वाक्याची सुरुवात मोठ्या अक्षराने करायची नाही हा त्याचा खाक्या. 'रिसीव्ह' या शब्दात ई आणि आय यांची जन्मभर अदलाबदल. सहीत 'थ'च्या अक्षरांनंतर अपूर्णविराम आणि मग जेफरसन. आणि हाच गृहस्थ १७८३ मध्ये अकरा वर्षांच्या मुलीला, पॅट्सीला, लिहितो की एकही शब्द चुकीच्या स्पेलिंगने लिहायचा नाही, लिहिण्याआधी विचार कर, आठवत नसेल तर शब्दकोश पाहा. त्याच पत्रात तिचं वेळापत्रकही आहे: आठ ते दहा संगीत, दहा ते एक एक दिवस नाच आणि एक दिवस चित्रकला, तीन ते चार फ्रेंच, असं झोपेपर्यंत. मुलीची आई जाऊन वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं. ते पत्र मी वाचते तेव्हा मला शिस्तीपेक्षा घाबरलेला बाप जास्त दिसतो. हे माझं मत आहे, कागदावर तसं लिहिलेलं नाही.

आता दिवसाकडे. तीन साक्षीदार आहेत आणि तिघांचं ऐकताना कोण कोणाला सांगतोय ते बघत चला.

पहिली साक्ष १८१९ ची. कनेक्टिकटच्या डॉक्टर व्हाइन अटलीने प्रकृतीबद्दल विचारलं, त्याला जेफरसनने उत्तर पाठवलं. मांस थोडंच खातो आणि तेही भाज्यांना चव यावी इतपत. वाइन डॉक्टर सांगतात त्या दीड पेल्याच्या दुप्पट, सोबत मित्र असला तर तिप्पट. झोप पाच ते आठ तास, वाचन किती रंगलं त्यावर. झोपण्यापूर्वी अर्धा-एक तास काहीतरी नीतिपर वाचन. कितीही उशिरा झोपलो तरी सूर्याबरोबर उठतो. आणि माझं आवडतं: साठ वर्षं रोज सकाळी थंड पाण्यात पाय धुतो, सर्दी होत नाही ती त्यामुळे, असा त्याचा पक्का समज. आपल्याकडचे आजोबा काय वेगळं सांगतात! त्याच पत्रात मनगटाचंही आहे. १७८६ च्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये उजवं मनगट निखळलं ते पुन्हा कधी धड बसलं नाही आणि लिहिणं संथ आणि वेदनेचं झालं. मनगट निखळल्यावर काही आठवडे तो डाव्या हाताने लिहीत होता. मरिया कॉसवे या चित्रकार बाईंना लिहिलेलं डोकं आणि हृदय यांच्या संवादाचं लांबलचक पत्र त्याच काळातलं, डाव्या हाताचं. एवढ्या त्रासात लिहिलेल्या त्या पत्राचीसुद्धा त्याने नक्कल ठेवली. प्रेमपत्राची कार्बन कॉपी, म्हणा ना.

दुसरी साक्ष डॅनिएल वेब्स्टरची. हे राजकारणी डिसेंबर १८२४ मध्ये माँटिसेलोला गेले होते. त्यांनी लिहून ठेवलंय: पलंगासमोरच्या घड्याळाचे काटे दिसतील एवढं उजाडलं की म्हातारा उठतो, लगेच तापमापक बघतो. नऊच्या न्याहारीपर्यंत लेखन. नंतर जेवणापर्यंत ग्रंथालयात, पण हवा चांगली असेल तर घोड्यावरून सात ते चौदा मैल. जेवण चारला. सहाला दिवाणखान्यात कॉफी, नऊपर्यंत गप्पा आणि नऊला झोपायला. सुरेख दिवस आहे. पण हा पाहुण्याला दिसलेला दिवस आहे, तोही एक्क्याऐंशीव्या वर्षीचा.

तिसरी साक्ष जुन्या मित्राकडे काढलेल्या कुरकुरीची. १८१७ च्या जानेवारीत तो आपल्या आधीचा राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्सला लिहितो की सूर्योदयापासून दुपारी एक-दोनपर्यंत आणि बरेचदा जेवणानंतर अंधार पडेपर्यंत मी लिहिण्याच्या मेजाला जुंपलेला असतो. १८२२ मध्ये तर त्याने हिशेबच दिला. सहज नोंदवही उघडली आणि १८२० या एका वर्षात आलेली पत्रं मोजली, तर ती १,२६७ भरली. त्यातल्या कित्येकांना बरीच शोधाशोध करून उत्तरं द्यावी लागली. मग विचारतो, याला काय जगणं म्हणायचं? हे तर चक्कीच्या घोड्याचं जिणं, मरेपर्यंत गोल गोल. आपण घाण्याचा बैल म्हणतो. जनावर बदललं, तक्रार तीच.

तिन्ही साक्षी खऱ्या आहेत आणि जोडल्या की बसतातही: पहाटेपासून दुपारपर्यंत बैठक, मग घोडा, मग जेवण. फक्त डॉक्टरला तो आपली तब्येत कौतुकाने सांगतोय, पाहुण्यासमोर यजमान आहे आणि अ‍ॅडम्सपाशी रडतोय. तुमच्या पात्राला या तिन्ही आवाजांची गरज पडेल.

एवढी पत्रं येत का होती, याचं उत्तर अगदी रुक्ष आहे, टपालखर्च. तेव्हा तिकिटं नव्हती. अमेरिकेत सरकारी तिकिटं १८४७ मध्ये आली. पैसे सहसा पत्र घेणारा देई, आणि दर ठरे अंतरावर आणि कागदाच्या तावांवर. १८०९ मध्ये काँग्रेसने कायदा करून जेफरसनने पाठवलेली आणि त्याला आलेली टपालं त्याच्या हयातीपुरती मोफत केली. पाठवताना तो वर "फ्री" लिहून सही करायचा. सन्मान झाला, पण फाटकही उघडं पडलं. आता कोणीही, नांगराचा नवा फाळ शोधलेला, कविता छापलेला, मुलाला नोकरी हवी असलेला, एक छदाम न खर्चता माजी राष्ट्राध्यक्षाला लिहू शकत होता. आणि हा प्रत्येकाला उत्तर देणं कर्तव्य मानणारा. १,२६७ आकड्यातले फार थोडे मित्र असतील.

इथपर्यंतचं मुद्दाम एकदा जोडून सांगते: लिहिणारा तो एकटा, नक्कल यंत्राची, नोंद रोजची आणि टपाल फुकट. या चार गोष्टींमुळे ढीग एवढा मोठा आहे. त्याच्या उत्साहामुळे आहेच, पण फक्त त्यामुळे नाही.

आता पत्र वाचण्याची एक खोड मोडायला हवी, कारण मी स्वतः त्यात तोंडावर आपटले आहे. जेफरसन आणि अ‍ॅडम्स यांचं राजकारणात बिनसलं होतं आणि अनेक वर्षं बोलणं बंद होतं. दोघांचा मित्र डॉक्टर बेंजामिन रश मध्ये पडला. १ जानेवारी १८१२ ला अ‍ॅडम्सने लिहिलं की तुम्ही देशी, विशेषतः घरगुती, उत्पादनांचे कैवारी आहात, म्हणून आमच्याकडच्या घरगुती विणकामाचे दोन नग टपालाने पाठवतोय. ज्याने ते तयार केले त्याच्यावर लहानपणी तुमचा लोभ होता. पत्र आधी पोचलं, पुडकं मागे राहिलं. जेफरसनने २१ जानेवारीला उत्तर दिलं आणि सुरुवातीलाच व्हर्जिनियातल्या घरगुती विणकामावर मन लावून लिहिलं: प्रत्येक घर म्हणजे एक कारखाना, माणशी एक मेंढी असली की कुटुंबाचे कपडे भागतात वगैरे. मग पुडकं आलं. आत कापड नव्हतंच. अ‍ॅडम्सचा मुलगा जॉन क्विन्सी याच्या वक्तृत्वावरच्या व्याख्यानांचे ते दोन खंड होते. जेफरसनला २३ तारखेला पुन्हा लिहावं लागलं.

इथे नवीन असताना मी फक्त २१ तारखेचं उत्तर वाचलं आणि कार्डावर नोंद केली: "अ‍ॅडम्सकडून कापडाचे नमुने मिळाल्याबद्दल." आमच्या विभागातल्या ज्येष्ठ बाईंनी ते कार्ड चष्म्यावरून पाहिलं, काही बोलल्या नाहीत, अ‍ॅडम्सचं पत्र पुढ्यात ठेवलं आणि चहा आणायला गेल्या. जेफरसनला निदान पुडकं यायचं होतं. माझ्याकडे दोन्ही पत्रं एकाच कपाटात होती.

तेव्हा एका बाजूची पत्रं वाचून दिवस लावू नका. दोन तारखा लावा, लिहिल्याची आणि मिळाल्याची. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'फाउंडर्स ऑनलाइन' या संकेतस्थळावर दोन्ही बाजूंची पत्रं फुकट वाचता येतात, वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, हॅमिल्टन, मॅडिसन, जेफरसन, सगळ्यांची. एखाद्या तारखेच्या आसपास कोण कोणाला काय लिहीत होतं ते शोधून पाहा. दोघांचा तोलही बघण्यासारखा आहे: १८१२ नंतर अ‍ॅडम्सची पत्रं शंभराच्या वर, जेफरसनची पन्नाशीच्या आत. अ‍ॅडम्सने एकदा समजूत घातली आहे की मी तुमच्या एकाला चार लिहितो याचं वाईट वाटून घेऊ नका, तुमचं एक माझ्या चारांहून मोलाचं.

पत्रांखेरीज त्याच्या खर्चाच्या वह्या बघा. १७६७ पासून शेवटपर्यंत चालवलेल्या आहेत. ४ जुलै १७७६, स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला तो दिवस. वहीत नोंद काय? एक तापमापक, ३ पौंड १५ शिलिंग. बायकी हातमोज्यांचे सात जोड, २७ शिलिंग. दानधर्म, दीड शिलिंग. त्या दिवशी दुपारी एकचं तापमान ७६ अंश फॅरनहाइट हेही लिहून ठेवलंय. बाहेर जाताना खिशात हस्तिदंती पट्ट्या असायच्या. त्यांवर पेन्सिलीने टिपायचं, घरी येऊन वहीत उतरवायचं आणि पट्ट्या पुसून टाकायच्या. एवढा पैन् पै टिपणारा माणूस मेला तेव्हा डोक्यावर लाखाहून जास्त डॉलर कर्ज होतं. खर्च लिहिणं आणि ताळा जमवणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुठल्याही सोसायटीचा खजिनदार सांगेल.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. त्याच्या दिवसातला वेळ नेमका कोणाचा होता? चूल कोणी पेटवली, पाय धुवायचं थंड पाणी कोणी आणलं, घोडा कोणी खोगीर घालून आणला? जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. पहाटेपासून दुपारपर्यंत मेजाशी बसता येतं ते बाकीची सगळी कामं दुसऱ्याच्या अंगावर असतात तेव्हा. पत्रांत ही माणसं क्वचित बोलतात, पण बोलतात. आयझॅक ग्रेंजर या लोहाराने १८४७ मध्ये आपल्या आठवणी सांगितल्या आणि त्या उतरवून घेतलेल्या आहेत. तो म्हणतो, मालकाकडे पुस्तकं ढिगाने; कधीकधी वीस-वीस जमिनीवर पसरलेली, एक वाचायचं, मग दुसरं. आणि घराबाहेर दिसला की बहुधा गात असायचा. वेब्स्टरच्या नेटक्या दिनक्रमात जमिनीवर पसरलेली पुस्तकं नाहीत आणि गाणंही नाही.

हॅना नावाच्या बाईंचं १८१८ मधलं एक पत्र आहे. जेफरसनचं दुसरं घर होतं पॉप्लर फॉरेस्टला, माँटिसेलोपासून सुमारे नव्वद मैलांवर. तिथे त्या गुलाम म्हणून काम करत. म्हातारा आजारी पडून येऊ शकला नाही तेव्हा त्यांनी लिहिलं की तुमचं घर आणि सामानसुमान सुरक्षित आहे, तुम्हाला ऐकून बरं वाटेल. गुलामीतल्या माणसाला लिहिता येणंच दुर्मीळ, त्यात ते टिकणं आणखी दुर्मीळ. टिकलं, कारण आलेला प्रत्येक कागद जपायची मालकाची सवय.

आणि लेखनाच्या मेजाचीच गोष्ट घ्यायची तर जॉन हेमिंग्जची घ्या. हा माँटिसेलोचा सुतार, हाही गुलामच, आणि त्याला लिहिता-वाचता येत होतं. नात एलेन १८२५ मध्ये लग्न होऊन बॉस्टनला निघाली तेव्हा त्याने तिच्यासाठी लेखनाचं एक सुंदर डेस्क बनवलं. सामान समुद्रमार्गे गेलं आणि वाटेत नष्ट झालं. जेफरसन नातीला कळवतो की जॉन पुरता खचला आहे, बाकी काही गेल्याचं त्याला काही नाही, ते डेस्क गेलं हेच सगळं. रोमन कवी व्हर्जिलचं महाकाव्य आगीत गेलं असतं तरी त्या कवीला एवढं दुःख झालं नसतं. बदली वस्तू म्हणून म्हातारा काय पाठवतो? १७७६ मध्ये फिलाडेल्फियात ज्याच्यावर जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला ते स्वतःचं छोटं डेस्क. ते आज स्मिथसोनियनमध्ये आहे, काचेत. जॉनचं डेस्क मात्र उरलं नाही. तुमच्या दीर्घांकात बैठकीच्या खोलीत दोनच मेजं ठेवायची असतील तर ही दोन ठेवा.

जे ढिगात नाही तेही मोजा. बायको मार्था १७८२ मध्ये गेली. दोघांनी एकमेकांना लिहिलेलं एकही पत्र उरलेलं नाही, त्याने ती जाळली असंच मानलं जातं. एका एका पावतीची नोंद ठेवणाऱ्या माणसाने हा गठ्ठा तेवढा नाहीसा केला. सॅली हेमिंग्ज ही त्याच्याकडची गुलाम स्त्री शेताच्या वहीत नावानिशी आहे, कापड आणि धान्याच्या वाटपात. तिच्याशी असलेल्या संबंधांबद्दल त्याच्या पत्रांत काही नाही. ते कळतं तिचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने १८७३ मध्ये सांगितलेल्या हकिकतीतून, आणि पुढे १९९८ च्या डीएनए तपासणीने तिला बळ दिलं. म्हणजे पॉलिग्राफच्या दुसऱ्या लेखणीने बरंच लिहिलं, पण तिला काय लिहू द्यायचं ते पहिली लेखणी धरणाराच ठरवत होता.

तुम्हाला हाताशी धरून सांगायचं तर मी असं करेन. एक महिना निवडा, शक्यतो १८२० मधला. त्या महिन्यातली आलेली आणि गेलेली सगळी पत्रं तारखेने लावा, मिळाल्याच्या तारखेने. शेजारी खर्चाची वही ठेवा. मग ज्या दिवशी पत्र एकही नाही तो दिवस शोधा. तिथे पाहुणे असतील, आजारपण असेल किंवा तो पॉप्लर फॉरेस्टच्या वाटेवर असेल. माझ्या अनुभवात नोंदीतली फट भरलेल्या पानापेक्षा जास्त कामाची निघते. मोडीच्या रुमालातही असंच व्हायचं: रोजकीर्दीत आठ दिवस कोरे दिसले की कोणीतरी म्हणायचं, बघा, घरात काहीतरी झालंय.

संवाद मात्र त्याच्या पत्रांतून जसेच्या तसे उचलू नका. ते कागदासाठी लिहिलेले आहेत आणि मराठीत तर ते भाषण वाटेल. ज्याला तो चक्कीचा घोडा म्हणतो तो थकवा घ्या, वाक्य सोडा.

शेवटच्या पत्राबद्दल तुम्ही विचारालच, कारण सगळेच विचारतात. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला वॉशिंग्टनला येण्याचं निमंत्रण नाकारणारं पत्र २४ जून १८२६ चं आहे. अगदी छापील निरोपासारखं भव्य: माणसं पाठीवर खोगीर घेऊन जन्मत नाहीत, असं सांगणारं. वर्षानुवर्षं तेच शेवटचं मानलं गेलं आणि नाटकाचा पडदा पाडायला ते सोयीचंही आहे. दहा दिवसांनी, ४ जुलैला, तो गेला. अ‍ॅडम्सही त्याच दिवशी गेला. पण २५ जूनला त्याने पुन्हा लेखणी उचलली होती. फ्रान्सहून आलेल्या वाइनची जकात भरायची राहिली होती, त्याबद्दल लिहायला.